मेंदूवर परिणाम झालेले रहिवासी

आमच्या घरातली सगळ्यात मोठी खोली माझी आहे. दोन खिडक्या, एक पंखा, भिंतीत कपाट. दिवाळीपासून तिथं कापूस राहतो. मी ओसरीत मोटरसायकलच्या बाजूला खाट टाकून झोपतो. ही तक्रार नाही. घरात कोण कुठं राहतं ते आधी स्पष्ट झालेलं बरं, एवढ्यासाठी सांगितलं.

दारव्ह्यात आमच्या गल्लीत ज्याचं ज्याचं शेत आहे, त्याच्या घरात एक खोली अशी असतेच. शेतातून कापूस येतो, बाबा भाव विचारतात, "या भावात कोण विकते?" म्हणतात आणि कापूस माझ्या खोलीत जातो. आधी खाटेपर्यंत, मग खिडकीपर्यंत, मग पंख्यापर्यंत. यंदा पंखा काढायचा राहिला. त्याची तीन पाती ढिगातून वर आली आहेत आणि पुरात अडकलेल्या माणसासारखी मदत मागत असतात. भाव वाढला की बाबा म्हणतात, "अजून वाढते." उतरला की म्हणतात, "आता उतरल्यावर कोण विकते?" या शास्त्रानुसार कापूस विकायचा दिवस पंचांगात येतच नाही.

कापूस घरात साचला की अंगाला खाज सुटते. हे आमच्याकडं लहान लेकराला माहीत असतं. मोठं झाल्यावर, विशेषतः सातबारा नावावर झाल्यावर, ते विसरावं लागतं.

एरवी मी या व्यवस्थेत मुरलो होतो. पण माझं लग्न ठरायला आलं.

आता माझ्या धंद्याबद्दल. बसस्टँडसमोर इम्तियाज आणि मी मिळून मोबाइलचं दुकान चालवतो. इम्तियाज फोन उघडून दुरुस्त करतो, मी वरून काच चिकटवतो. बायोडेटात याला "मोबाइल क्षेत्रात स्वतःचा व्यवसाय" असं म्हणतात. सोबत स्टुडिओत काढलेला फोटो. त्यात मी स्टुडिओचाच कोट घालून, स्टुडिओच्याच धबधब्यासमोर उभा आहे. या फोटोची पुढं जी शोभा झाली ती पाहता तो धबधबा खरा असता तर मी त्यातच उडी घेतली असती.

हा बायोडेटा फिरत फिरत मुकुटबनला पोचला आणि आम्हाला बोलावणं आलं. मुलगी सुरभी. संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. पोहे झाले, चहा झाला, माझ्या बाबांनी आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे लटारीजींनी, दोन्हीकडच्या बोंडअळीची विचारपूस केली. मग लटारीजी म्हणाले, "बाई, तुले काही विचाराचं असन तं विचार."

तिनं माझा पगार विचारला नाही. पुण्याला जाणार का, हेही नाही. ती म्हणाली, "तुमच्या घरी राहाच्या खोलीत कापूस भरता का?"

लटारीजी एकदम छताचं निरीक्षण करायला लागले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा बोलले, "छे हो! आमच्याकडं कापूस शेतातून निंघाला का थेट व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. घरात कायले आणाचा?"

आईची सुपारी तोंडातच थांबली.

"मंग बरं," सुरभी म्हणाली. "बाबा घर पाहाले येतीन तवा खोली रिकामी दिसली पाहिजे. मले दुसरं काही नाही पाहिजे."

आमच्याकडं मुलीकडचे लोक मुलाचं घर पाहून गेल्याशिवाय पक्कं काही होत नाही. पोरापोरीनं एकमेकांना नंबरही द्यायचा नाही. पुढचं सगळं बोलणं वडिलांच्या फोनवरून. तोपर्यंत दोन्हीकडची पोरं एकमेकांना ओळखत नसल्यासारखी राहतात, जे अवघड नसतं, कारण ती ओळखत नसतातच. पण मला त्या एका वाक्यात ओळख पटली होती. सोनं नको, शहर नको, फक्त एक रिकामी खोली पाहिजे, असं म्हणणारी मुलगी यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि ती नेमकी माझी खोली मागते आहे! मी परतीच्या वाटेवर जीपमध्ये मनातल्या मनात पंखा पुसायला घेतला होता.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "मंग गाडी कवा बोलावता?"

"कायची गाडी?" बाबा.

"कापसाची. खोली रिकामी कराची आहे न."

"कोण म्हणते?"

"तुम्ही! मुकुटबनले! चारचौघात!"

बाबांनी कपाळाला हात लावला, डोळे मिटले, बराच प्रयत्न केला. "नयनची माय, मले तं काहीच आठवून नाही राह्यलं." मग त्यांनी डोळे उघडले, खिशातला फोन काढला आणि विंचू धरावा तसा दोन बोटांत धरला. "हे याचं काम आहे."

त्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला होता. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागं हिरवा पडदा. तो माणूस सांगत होता की मोबाइलचे किरण कानातून आत शिरतात आणि मेंदूत जिथं आठवणी बसलेल्या असतात तिथं जाऊन बसतात. त्यामुळं जुन्या आठवणीला उठावं लागतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसा हा प्रकार. मी व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिल्यावर पहिल्यांदा पाहिल्याचा पश्चात्ताप आठवत होता, म्हणजे माझा मेंदू बरा होता.

बाबांच्या मेंदूवरचा परिणाम मात्र अजब होता. आजोबांच्या काळात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, झालेलं भांडण त्यांना शब्दशः आठवत होतं. कोणाच्या लग्नात वरण पातळ होतं तेही आठवत होतं. फक्त कापूस विकायचं वचन तेवढं गेलं होतं. रेडिएशन फार नेमकं काम करत होतं.

दुसऱ्या दिवशी मी इम्तियाजला घरी घेऊन आलो. तंत्रज्ञ माणूस, बाबा त्याचं ऐकतात. त्यानं फोनवर शोधून सगळं नीट वाचून दाखवलं. "चाचा, इथं लिवलं आहे, एवढे सालं झाले तपासून राह्यले, पण फोननं मेंदू खराब होते असं पक्कं काही सापडलं नाही. अभ्यास सुरू आहे."

"काय सुरू आहे?"

"अभ्यास."

"हाव न!" बाबा उसळले. "काहीच नसतं तं अभ्यास कायले सुरू ठेवला असता? मी कवा वाटाण्याचा अभ्यास केला का? नाही केला. कारण वाटाण्यात काही नाही."

इम्तियाजनं माझ्याकडं पाहिलं. "अबे नयन, तुह्या बापाले वकील करायले पाहिजे होतं बे."

मग प्रयोग झाला. व्हिडिओत म्हटलं होतं की दोन फोनच्या मध्ये अंडं ठेवून एकमेकांना फोन लावला की अंडं शिजतं. बाबांनी स्वयंपाकघरात अंडं ठेवलं, दोन्ही बाजूंना फोन उभे केले आणि आम्ही सगळे चुलीवर दूध ठेवल्यासारखे पाहत बसलो. दोन्ही फोनची बॅटरी संपली. अंडं फोडलं तर ते होतं तसंच. आईनं त्याचं आमलेट केलं, गॅसवर. मला वाटलं विषय मिटला. बाबा आमलेट खाता खाता म्हणाले, "अंड्याले मेंदू कुठं असते? परिणाम होईन कायवर?"

इथवर प्रकरण घरातलं होतं. पण आई रोज सकाळी "गाडी" हा शब्द उच्चारायला लागली. मुकुटबनचे पाहुणे कधीही येतील अशी तिला धास्ती होती. तिच्या तोंडून "गाडी" निघाला की बाबांची स्मृती आणखी खालावायची. मग एक दिवस त्यांनी तोडगा काढला. सगळ्यांचे फोन गोळा केले आणि माझ्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात खोल खुपसून ठेवले.

"कान फुटला तं कानात काय घालते माणूस? कापूस. डाक्टर सुई टोचल्यावर काय लावते? कापूस. काहून? शोषून घेते! फोनातलं सारं विष हा कापूस ओढून घेते. पाह्यजा तुम्ही."

म्हणजे कालपर्यंत फक्त न विकलेला असलेला कापूस आज औषध झाला होता. घरातलं औषध कोणी विकतं का? आईनं विचारलं, "कापसाले आग लागली तं?" म्हणून फोन चार्जिंगला लावून आत ठेवायचा नाही, असा नियम झाला. माझा फोन मी दुकानाच्या नावाखाली वाचवला. त्यावरही बाबांचं मत होतं. दुकानात येऊन, गिऱ्हाइकाच्या फोनला मी काच चिकटवत असताना, शेजारच्या बाकावर बसून ते त्याला सांगायचे, "भाऊ, काच बसवून घ्या, पण कानाले नका लावू." आमचं दुकान बहुधा देशातलं एकमेव असेल जिथं फोन आणि फोन न वापरण्याचा सल्ला एकाच छपराखाली मिळत होता.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले भीमसिंग काका. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी दारव्ह्यातलं एकही आंदोलन चुकवलेलं नाही. कशाचं आहे हे ते तिथं पोचल्यावर विचारतात. ते बाबांसमोर बसले आणि मनगट खाजवत म्हणाले, "वामनराव, मलेही विसर पडून राह्यला. बायकोले मी माहूरले नेतो म्हटलं होतं म्हणे. मले तं याद नाही."

मग रामीबाई आल्या. त्या समोरच्या. त्यांनी शेजारणीची शिडी आणली होती, ती परत करायचा त्यांना विसर पडत होता. त्यांची मान लाल झाली होती. "मले वाटे उन्हानं झालं. हे तं रेडिएशन निंघालं, बाप्पा!"

पाहता पाहता असं उघडकीला आलं की साऱ्या गल्लीच्या मेंदूवर परिणाम झालेला आहे. ज्यानं ज्यानं कोणाला काही कबूल केलं होतं, त्याला ते आठवत नव्हतं. आणि प्रत्येकाला खाज होती. प्रत्येकाच्या घरात कापूसही होता, पण तो योगायोग. मी एकदाच, हळू आवाजात, म्हटलं, "काका, कापसाची खाज तं नसन?"

सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी तेराव्याच्या जेवणात मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोललो.

"कापूस बापजाद्यापासून आहे," भीमसिंग काका म्हणाले. "टॉवर आता आला. मंग खाज कोणाची?"

"खाजही बापजाद्यापासूनच आहे न."

"ते खाज वेगळी होती, लेका."

तर टॉवर. गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालयाच्या छतावर एक मोबाइल टॉवर उभा आहे. आजवर त्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. आता सगळं त्याच्यावर आलं. रामीबाईंच्या गाईनं दूध कमी केलं, टॉवर. भीमसिंग काकांचा नातू गणितात नापास झाला, टॉवर. टॉवर यायच्या आधीही तो दोनदा नापास झाला होता, पण तेव्हाचं नापास होणं वेगळं होतं.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण गल्लीत टाइप मला येतं, आणि टाइप करायला ज्या फोनची गरज होती तो आमच्या घरात फक्त माझा कापसाबाहेर होता. माझ्याच धंद्याविरुद्धचा अर्ज मी माझ्याच दुकानात बसून लिहिला. पहिल्या कार्यालयात तो घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, टॉवर खासगी इमारतीवर आहे, आमचा संबंध नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, टॉवरचं आम्ही पाहू शकतो, पण अर्जात मेंदू लिहिला आहे, मेंदू आरोग्य खात्यात येतो. मेंदू खोडून आणा. भीमसिंग काका म्हणाले, मेंदू खोडला तर राहते काय? म्हणून आम्ही डॉक्टरांकडं गेलो, गल्लीच्या मेंदूवर परिणाम झाल्याचा दाखला मागायला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळ्यांचे हात पाहिले, माना पाहिल्या. "घरात कापूस भरलेला आहे का?"

"साहेब, अर्जात कापूस नाही," भीमसिंग काका म्हणाले. "अर्जापुरतंच विचारा."

दाखला मिळाला नाही. मलम मिळालं. ते सगळ्यांनी घरी नेलं आणि लावायला विसरले.

शेवटी कुठल्या तरी टेबलाला दया आली आणि एक इंजिनिअर तपासणीला आला. साऱ्या गल्लीसमोर तो छतावर चढला, पेटी उघडली, खाली उतरला, हात झटकले. "हा टॉवर बंद आहे. ही कंपनीच केव्हाची बंद पडली. वर वीजही नाही. आतल्या डब्यात कावळ्यानं घरटं केलं आहे."

मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठी मारणार होतो. आता खाज कापसाची ठरेल, कापूस जाईल, खोली मोकळी होईल, मुकुटबन! बाबांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात भीमसिंग काकांनी सावकाश विचारलं, "बंद आहे म्हणता. मंग आतलं रेडिएशन गेलं कुठं?"

"कुठलं रेडिएशन?"

"जे होतं ते."

"काका, तसं काही साठून राहत नाही..."

"नाली पाह्यली का तुम्ही?" काकांचा आवाज चढला. "वाहून राह्यली तं ठीक. तुंबली का मच्छर! हे तुंबलेलं रेडिएशन आहे, साहेब. हे तं आणखीन डेंजर!"

"बरोब्बर!" बाबा ओरडले. त्यांच्या गालावर पुन्हा रंग आला. इंजिनिअरनं पेटी उचलली आणि स्कूटर सुरू केली. जाताना त्यानं माझ्याकडं जे पाहिलं, तसं लोक वारलेल्याच्या थोरल्या पोराकडं पाहतात. त्या दिवसापासून मागणी बदलली. आधी होतं, "टॉवर बंद करा." आता झालं, "टॉवर चालू करा, नाहीतर काढून न्या."

मागणी एवढी गुंतागुंतीची झाली की धरणं धरायचं ठरलं, आणि धरणं म्हटलं की फ्लेक्स आला. आमच्याकडं फ्लेक्सशिवाय बारसंही होत नाही. भीमसिंग काकांनी मजकूर सांगितला: "टॉवर हटाव, मेंदू बचाव." वर मोठ्या गोलात मार्गदर्शकांचे फोटो, मधल्या रांगेत आयोजक, त्याखाली शुभेच्छुक. सगळ्यांनी कोट, फेटे, गॉगल घातलेले फोटो पाठवले. फ्लेक्सवाला म्हणाला, "खालची पट्टी रिकामी राहून राह्यली. पीडित कोण आहे? पीडिताचा फोटो नसला तं लोकायले समजन कसं?"

इथं आंदोलन अडलं. खाज सगळ्यांना होती, विसर सगळ्यांना होता, पण पीडित व्हायला कोणी तयार नव्हतं. रामीबाई म्हणाल्या, त्या शुभेच्छुक आहेत. काका म्हणाले, मार्गदर्शकच पीडित निघाला तर मार्ग कोण दाखवणार? शेवटी सगळे बाबांकडं पाहायला लागले.

बाबा मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी माझ्या फोनवरून, मी काच चिकटवत असताना, माझा फोटो पाठवला. तोच. कोट, धबधबा. "घरचाच पोट्टा आहे," ते म्हणाले. "कोण काय म्हणन?"

फ्लेक्स चौकात लागला तेव्हा इम्तियाज मला हाताला धरून घेऊन गेला. वर गॉगलवाले मार्गदर्शक हसत होते. सगळ्यात खाली, लाल पट्टीत, मी धबधब्यासमोर एकटा उभा होतो, आणि पट्टीवर लिहिलं होतं, "मेंदूवर परिणाम झालेले रहिवासी". आदरार्थी बहुवचन होतं, हे मान्य करायला हवं.

"फोटो साफ आला बे," इम्तियाज म्हणाला. "दुरून ओळखू येऊन राह्यला."

मी इम्तियाजला घेऊन घरी गेलो आणि तोंड उघडणार, इतक्यात माझ्या खोलीतून कोंबडा आरवला.

आमच्याकडं कोंबडा नाही. गल्लीतली धरण्याची मंडळी आमच्याच अंगणात सतरंजीवर बसली होती. सगळ्यांनी कान टवकारले. पुन्हा बांग. रामीबाई म्हणाल्या, "बाप्पा, कापसात कोंबडा शिरला!" बाबाही चकित झाले होते. इम्तियाजनं कपाळावर हात मारला. "चाचा, तुमची रिंगटोन आहे ते! मीच टाकून देल्ली होती." या साऱ्या काळातला बाबांचा हा एकच विसर खरा होता.

आईच्या तोंडावरचा रंग उडाला. "मुकुटबन! मुकुटबनवाले असतीन! त्यायच्याजवळ तुमचाच नंबर आहे. काढा तो फोन!"

बाबा दार उघडून ढिगात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. कोंबडा कधी डावीकडून आरवायचा, कधी उजवीकडून. मी त्यांचा एक पाय धरला, भीमसिंग काकांनी दुसरा. बाबा आतून ओरडले, "सापडला! नाही, हा नयनच्या मायचा आहे!" आणि ते बाहेर यायला वळले तशी खालची थप्पी निसटली. दिवाळीपासून पंख्यापर्यंत रचलेला तो सगळा कापूस एकदम चालायला लागला. खोलीतून ओसरीत आला, ओसरीतली माझी खाट बुडाली, मोटरसायकल बुडाली, मग तो पायऱ्या उतरून अंगणात, धरण्याच्या सतरंजीवर गेला. आंदोलक मांडीपर्यंत पांढरे झाले. या लाटेवर तरंगत बाबांचा फोन इम्तियाजच्या पायाशी आला.

"मुकुटबनचे निरे मिसकॉल आहेत, चाचा. थांबा, लावतो." त्यानं फोन लावला.

घंटी आमच्या फाटकाशी वाजली.

फाटकात लटारीजी उभे होते, हातात वाजता फोन. "मघापासून लावून राह्यलो," ते म्हणाले. "म्हटलं आज मोकळा आहे, घर पाहून घेतो. रस्ता चुकलो होतो. मंग चौकात जावईबापूचा फोटो दिसला."

एकही खुर्ची दिसत नव्हती, म्हणून लटारीजी कापसावरच बसले. त्यांनी आत पाहिलं. खोली खरोखर रिकामी होती. अर्थात तिच्यातलं सगळं आता बाकीच्या घरात होतं.

"वामनराव," ते म्हणाले, "एक विचारतो, वाईट नका वाटून घेऊ. फ्लेक्सवर पोरगा खालच्या रांगेत काहून आहे? मेंदूवर परिणाम झालेले, असं लिवलं आहे. माही एकच पोरगी आहे."

मी बाबांकडं पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. पोरगा धडधाकट आहे, फ्लेक्स झूट आहे. पण फ्लेक्स झूट म्हटलं की टॉवर झूट, टॉवर झूट म्हटलं की विसर झूट, आणि मग कापूस गाडीत भरावा लागला असता. भीमसिंग काका त्यांच्याकडं एकटक पाहत होते. बाबांच्या कपाळावर घाम आला. एकीकडं मुलगा, दुसरीकडं कापूस. त्यांनी खाकरलं.

"पाव्हणे, परिणाम झाला होता. खोटं नाही बोलत. पण कापसाजवळ झोपून झोपून पोट्टा निरा बरा..."

"बस!" आई म्हणाली.

आई कधी ओरडत नाही. त्यामुळं तिचा आवाज आम्हाला ओळखूच आला नाही. "कापसाची खाज आहे! साऱ्या गल्लीले कापसाची खाज आहे! ना टॉवर, ना मेंदू! यायले सारं आठवते, धुऱ्याचं भांडण आठवते, वरण पातळ होतं ते आठवते. कापूस विकाचा म्हटलं का मेंदू जाते! माह्या पोराचं लग्न मोडून राह्यलं, अन् हे भाव पाहून राह्यले!"

आमच्या गल्लीत खाज आणि कापूस हे दोन शब्द त्या हिवाळ्यात पहिल्यांदा एका वाक्यात उच्चारले गेले. रामीबाईंनी मान खाली घातली. भीमसिंग काकांचा मनगट खाजवणारा हात थांबला. मी हिशेब केला की आता लटारीजी उठतील, हात जोडतील, गाडीत बसतील.

लटारीजी उठले नाहीत. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर खाजवायला लागले. जुनी, मुरलेली खाज होती. एका दारव्ह्याच्या फेरीत अशी येत नाही.

"ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माही पोरगी असंच म्हणते. बैठक सोडली तं घरात साऱ्या खोल्यात कापूस आहे. ते रांधणीत झोपते, मिक्सरच्या बाजूले. मले म्हणते, बाबा, कापसाची खाज आहे. मी म्हणतो, नाही बाई, टॉवरची."

भीमसिंग काका सरसावून बसले. "तुमच्याकडचा चालू आहे का बंद?"

"चालू."

"मंग हलकं आहे तुमचं. आमचं तुंबलेलं आहे."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस त्यांना समजून घेणारा माणूस मुकुटबनला होता. ते सरकून लटारीजींच्या शेजारी, कापसावरच बसले. "काय भाव सांगून राह्यले तुमच्याकडं?"

"सोडा न. या भावात कोण विकते?"

"कोण विकते!" बाबा म्हणाले, आणि दोघं त्या क्षणी व्याही झाले. पुढचं सगळं बोलणं आमच्याशिवाय झालं. पोरगा पसंत. घर पसंत, खोली मोठी आहे. लग्न धूमधडाक्यात. तारीख? खोली रिकामी झाली का. खोली कवा? भाव वाढला का. दोघांनी एकमेकांना पेढा भरवला. माझ्या मेंदूबद्दल नंतर कोणी एक अक्षर विचारलं नाही. नवरदेवाला तो लागतो असं कोणाच्या डोक्यात आलं नसावं.

संध्याकाळी साऱ्या गल्लीनं मिळून कापूस परत माझ्या खोलीत भरला. पंखा यावेळीही काढायचा राहिला.

एक मात्र झालं. पक्कं ठरल्यामुळं मला तिचा नंबर मिळाला. आता रोज संध्याकाळी सुरभी रांधणीत मिक्सरच्या बाजूला आणि मी ओसरीत मोटरसायकलच्या बाजूला, फोन कानाला गरम लागेपर्यंत बोलतो. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "आधी तुमच्याकडचा कापूस निंघते का आमच्याकडचा?" त्यावर आम्ही दोघं खूप हसलो. दोन्ही बापांना कसं पटवायचं, गाडी कोणत्या दिवशी बोलवायची, बाबा शेतात गेले असताना व्यापाऱ्याला कसा आणायचा, असे रीतसर कट आम्ही रचतो. लग्नाची तारीखही आम्ही आमच्यापुरती काढली आहे.

काल असंच बोलता बोलता मी तिला म्हणालो, "गाडी या आठवड्यात नको बोलवू. होळीपर्यंत थांबू थोडं. अजून वाढते."

पलीकडं मिक्सरवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"नयन," ती म्हणाली, "फोन ठेवा तुम्ही. परिणाम सुरू झाला."